चांगाबाबाची साक्ष

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमचं अख्खं घर त्या पायरीवर जेवत होतं, तेव्हा आमच्यात शहाणं कुणी नव्हतं हे मी आधीच कबूल करून टाकते. माझे वडील, अण्णा, पेणला वकिली करत. घर भाड्याचं. पुढे लांबलचक ओटी, मागे विहीर, आणि डाव्या हाताला भिंतीला भिंत लावून गणपतीचा कारखाना. बाराही महिने ओल्या मातीचा आणि रंगाचा वास आमच्या घरात फिरे. आई म्हणायची, आमटीला फोडणी हिंगाची द्यावी तर वास येतो रंगाचा. सकाळी पहिल्या एसटीने अशील यायचे. ओटीच्या कडेला चपला काढायचे, विहिरीवर पाय धुवायचे, आणि भिंतीला टेकून बसायचे. आई आतून परातभर पोहे कालवायची, नारळ-मीठ-मिरची, वर लिंबू. वकिलाकडे कामाला आलेल्या माणसाला खायला घालायची रीत कुठल्याच गावात नसेल, पण आमच्याकडे होती. दर आल्या-गेल्याला पोहे. मी शाळेत जायच्या आधी ताटल्या उचलायची आणि त्यांचं बोलणं ऐकायची.

ही माणसं खाडीकाठची. कुणी मिठागरात राबणारी, कुणी बांध घालून राखलेल्या खाजणातल्या भातशेतीची. त्यांचं बोलणं पेणच्या बऱ्याच वकिलांना धड कळत नसे, आणि कळलं तरी ते तोंड वाकडं करत. अण्णांना कळे, आणि बोलताही येई. त्यांचे वडील खाडीकाठच्या शाळेत मास्तर होते, अण्णा त्याच पोरांत चिखल तुडवत वाढले होते. अंगात काळा कोट असायचा, पण ओटीवर बसले की 'कवा आयलास?' 'जेवलास का?' सुरू. म्हातारे खूष व्हायचे. येताना कुणी वालाच्या शेंगा आणी, कुणी सुकट, आणि एखाद्याचा निकाल चांगला लागला तर केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा. जिताडा आला की आईचा सगळा राग-रुसवा दिवसभर बंद. त्या दिवशी घरात आंबट-तिखट कालवण आणि भात, दुसरं काही नाही. आज मी पेणलाच, रामवाडीला फ्लॅटमध्ये राहते. हायवेचे ट्रक रात्रंदिवस बोंबलतात, आणि जिताडा बाजारात दिसला तरी मी घेत नाही. सून विचारते, का हो? मी म्हणते, काटे असतात. त्या माशाला फारसे काटे नसतात हे तिलाही माहीत आहे.

चांगाबाबा हा त्या अशिलांतला एक. गाव रोह्याच्या खाडीवरचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली नातवंडं आता कंपनीत कामाला आहेत, त्यांना उगाच माझ्यामुळे टोचणी नको. म्हातारा काटकुळा, कानात भिकबाळी, आणि आवाज असा खणखणीत की शेजारचे मूर्तिकार हातातला ब्रश थांबवून ऐकत. त्याच्या गावाची भानगड अशी होती. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध असतो. पण पाऊस चार-चार दिवस लागला की आतलं गोडं पाणी तुंबतं आणि भाताची रोपं कुजतात. मग गावकरी ओहोटीच्या वेळी बांधाला एक चीर पाडतात, आतलं पाणी खाडीत सोडतात, आणि भरती यायच्या आत चिखल-पेंढा घालून ती बुजवतात. याला खांड पाडणं म्हणतात. पूर्वापार चालत आलेलं. पुढे तो बांध सरकारने ताब्यात घेतला आणि एका पावसाळ्यात चांगाबाबासकट पाचजणांवर सरकारी बांध फोडल्याचा खटला झाला. रोह्याच्या कोर्टात. माझं आजोळ रोह्याला, म्हणून अण्णा आठवड्यातून दोनदा एसटीने तिकडच्याही कोर्टात जात. वकीलपत्र अण्णांनी घेतलं.

चांगाबाबा आरोपी होता, पण रीत काय ते सांगायला त्याच्याइतका जाणता दुसरा कुणी नव्हता. अण्णांनी ठरवलं की त्यानेच पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं. तालीम आमच्या ओटीवर झाली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. मला खुर्चीवर बसवून अण्णांनी मॅजिस्ट्रेट केलं. मी आईची काळी चंद्रकळा अंगावर घेऊन, मान ताठ करून बसले. आई आतून हसत होती. चांगाबाबा माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, आणि मला खरंच वाटलं की मी कुणीतरी मोठी आहे.

"हे बघा चांगाबाबा," अण्णा म्हणाले, "मी विचारीन त्याला 'व्हय' म्हणायचं. जास्त पाल्हाळ लावायचा नाही. समोरचा वकील विचारील आणि काही घोटाळा वाटला तर सरळ 'म्हाईत नाय'. कळलं?"

चांगाबाबाने डोकं खाजवलं. "आन सायेब, दोगांनीबी काला कोट घातला त मना कसा कलायचा, आपला कंचा?"

ओटीवरचे सगळे हसले. अण्णाही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याच बोलीत म्हणाले, "जो तुमच्या भाषेत इचारील ना, तो आपला. ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल," चांगाबाबा म्हणाला. आणि त्याच्या ध्यानात राहिलं.

तो खटला अण्णांनी जिंकला. त्याची हकीकत ते पुढे कितीतरी वर्षं जेवताना सांगत. मॅजिस्ट्रेट घाटावरचे, नवे. चांगाबाबा म्हणाला, 'सायेब, आमी खांड भांगाला पाडतो.' मॅजिस्ट्रेट दचकले. 'भांग? म्हणजे हे लोक भांग घेऊन बांध फोडतात?' सगळं कोर्ट हसलं. मग अण्णा उभे राहिले आणि त्यांनी भरतीचं अख्खं शास्त्र समजावून सांगितलं. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला जोर असतो, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मरतं, तो भांग. जाणता माणूस भांगाच्या दिवसांतच खांड पाडतो, कारण भरती आली तरी हळू येते आणि बुजवायला वेळ मिळतो. पाच घरची पाच माणसं लागतात, त्याशिवाय कुणी फावड्याला हात लावत नाही. यात नासधूस कुठे आहे? हे तर राखण आहे. पाचही जण सुटले. आमच्याकडे तीन जिताडे आले. आईने एक शेजारच्या कारखान्यात दिला.

मला अण्णांचा त्या काळात फार म्हणजे फार अभिमान होता. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्गातल्या पोरींचे बाप दुकानदार, कारकून, मास्तर. माझा बाप खाडीच्या माणसांना तुरुंगातून सोडवणारा. मी मोठी होऊन वकील होणार असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

मग घर फिरलं. रोह्याच्या माझ्या मामाची वर ओळख होती. त्याने अण्णांना म्हटलं, किती दिवस पोहे खाणाऱ्या अशिलांच्या मागे फिरणार? सरकारी वकिलाची जागा आहे, घ्या. अण्णांनी आठ दिवस विचार केला असं दाखवलं. विचार पहिल्याच दिवशी झाला होता, हे आईला आणि मला त्यांच्या दाढीवरून कळलं होतं. ते रोज गुळगुळीत दाढी करू लागले होते. जागा रोह्याच्याच कोर्टात मिळाली. पेणची पाटी उतरली, भांडीकुंडी ट्रकात चढली. आई पुढे ड्रायव्हरशेजारी आणि मी मागे गाद्यांवर. वाटेत खांब गावाला ट्रक थांबला तेव्हा अण्णांनी सगळ्यांना भजी आणि चहा दिला. असे मोकळ्या हाताने खर्च करताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. "आता बघ शालू," ते मला म्हणाले, "आता आपल्या मागे सरकार आहे." मी पंधरा पुरी केलेली. मला ते वाक्य तेव्हासुद्धा आवडलं नाही, पण भजी मी खाल्ली.

अण्णांचे सगळे जुने खटले त्यांचा ज्युनियर मधू याच्याकडे गेले. मधूकाका माणूस सोन्यासारखा, पण बोलायला उभा राहिला की वाक्याच्या मध्ये आवंढा गिळायचा. मी अण्णांना विचारलं, आता चांगाबाबाच्या गावचं कुणी आलं तर? ते म्हणाले, "वकील कुणाचा नसतो. ज्याचं वकीलपत्र त्याचा. टांगेवाला मागे कोण बसलंय ते बघतो का?" मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतं. टांगेवाला कालच्या उतारूचा सगळा गाव-पत्ता ऐकून घेऊन उद्या त्याच्याच घरावर टांगा घालत नाही. पण पन्नास-पंचावन्न वर्षांनी सुचलेलं उत्तर काय चाटायचंय?

रोह्याच्या घरी पहिल्याच आठवड्यात चांगाबाबा जिताडा घेऊन आला. सायेब जवळ आलं म्हणून म्हातारा आनंदाने नुसता फुलला होता. खाजणातून चालत आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. अण्णा बाहेर आले, त्याची चौकशी केली, आणि म्हणाले, आता मासा नको. सरकारी माणसाला चालत नाही. चांगाबाबाला वाटलं सायबाचं पोट बिघडलंय. "मंग वैनीला खाऊ द्या," तो म्हणाला. आईने हात पुढे केला होता, तो अण्णांनी नुसत्या नजरेने मागे घ्यायला लावला. म्हातारा मासा परत घेऊन गेला. अण्णा किती तत्त्वाचे आहेत हे त्या दिवशी मामाने सगळ्या आळीत सांगितलं. खरंच होतं ते. अण्णांनी सरकारी नोकरीत कुणाचा मासा घेतला नाही, शेंग घेतली नाही, चहासुद्धा नाही. माझं त्यांच्याबद्दलचं म्हणणं लाचेचं कधीच नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात हिराजीला पकडलं. हिराजी चांगाबाबाचा एकुलता एक मुलगा, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. गावातली तरणी माणसं तोवर कंपनीत शिफ्टला जाऊ लागली होती. पाऊस पाच दिवस थांबेना, शेतात कमरेइतकं पाणी, रोपं पिवळी पडायला लागली. पाच घरची पाच माणसं आणायची कुठून? हिराजीने बायकोला घेतलं आणि ओहोटी लागल्यावर खांड पाडली. भरतीच्या आत ती त्या दोघांना बुजवता आली नाही. खारं पाणी आत घुसलं. त्याचं शेत तर गेलंच, पण शेजारच्या जागेत, जी सरकारने नव्या कंपनीसाठी घेतली होती, तिथे सिमेंटच्या गोणी रचल्या होत्या, त्या सगळ्या भिजून दगड झाल्या. कुणी मेलं नाही, कुणाला लागलं नाही. पण कंपनीचं सिमेंट भिजलं होतं, म्हणजे आकाशच कोसळलं म्हणायचं.

हिराजीतर्फे मधूकाका उभा राहिला. सरकारतर्फे अण्णा. आईने एवढंच विचारलं, "दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही का हो?" अण्णा म्हणाले, "आजारी पडू का?" आई पदराला हात पुसत आत गेली. मीही मध्ये पडले नाही, कारण मला वाटलं, अण्णा आहेत म्हणजे हिराजीला फार त्रास होणार नाही. नुसतं उभं राहायचं म्हणून उभे राहतील. सोळा वर्षांच्या मुलीची अक्कल ती.

मधूकाकाचा बचाव साधा होता. खांड पाडणं ही रीत आहे, याच कोर्टाने ते एकदा मान्य केलंय, हिराजीचा हेतू वाईट नव्हता. आणि रीत सांगायला साक्षीदार चांगाबाबाच. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. मी घरी येते तो कोर्टाचा शिपाई दारात. साहेबांनी पंचांग मागवलंय म्हणाला. आई सोवळ्यात, पंचांग देव्हाऱ्याखालच्या फळीवर. शिपायाला दुसरं काम होतं, म्हणून मीच घेऊन निघाले. पंचांग कशाला हवं, हा विचारसुद्धा माझ्या डोक्यात आला नाही.

कोर्टाच्या आवारात चांगाबाबा झाडाखाली उकिडवा बसला होता. स्वच्छ धुतलेला सदरा घातलेला, हाताची बोटं एकमेकांत अडकवलेली. मला बघून उठला. "शालूबाय गो," तो म्हणाला, "सायेब हाय ना आपला?"

मी म्हटलं, "हो, आहेत ना. आतच आहेत."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो हसला. मी आत गेले. त्याने काय विचारलं आणि मी कशाचं उत्तर दिलं, हे मला पुढच्या अर्ध्या तासात कळलं. तेव्हापासून आजपर्यंत असा एक महिना गेला नाही की ते दोन शब्द मी परत तोंडात घोळवले नाहीत. 'आहेत ना.' मेलं, जरा थांबून विचारलं असतं, बाबा, तुम्हाला काय म्हणायचंय? पण नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पंचांग अण्णांच्या टेबलावर ठेवून मी मागच्या बाकावर बसले. कुणी हटकलं नाही, सरकारी वकिलाची मुलगी. मधूकाकाने चांगाबाबाला रीत विचारली. म्हाताऱ्याने सांगितली, पण मधूकाकाकडे न बघता. त्याची नजर अण्णांवर खिळली होती. मधूकाका पुस्तकी मराठीत विचारत होता आणि मध्येमध्ये आवंढा गिळत होता. मग तो बसला आणि अण्णा उठले.

आणि अण्णा त्याच्या बोलीत बोलले. दोन वर्षांत त्या कोर्टात ते एक शब्द बोलीत बोलले नव्हते, आम्ही घरीसुद्धा ऐकला नव्हता. "चांगाबाबा," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बरं हाय ना? आता मी इचारतो, तुमी सांगा. खांड भांगालाच पाडायची, उधानाला नाय, असाच ना?"

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. "व्हय, सायेब."

"उधानाला खांड पाडली त खारा पानी आत येनार, हे गावात पोराटोरालाबी ठाव?"

"व्हय."

"हिराजीलाबी ठाव?"

"व्हय त! मीच शिकवलाय त्याला." केवढ्या अभिमानाने बोलला तो.

मधूकाका उठला. म्हणाला, साहेब, साक्षीदाराचा काहीतरी गैरसमज होतोय. अण्णा शांतपणे म्हणाले, प्रश्न कळतात का ते कोर्टानेच विचारावं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "बाबा, वकिलांचे प्रश्न कळतात ना?" चांगाबाबा म्हणाला, "व्हय व्हय, यांचंच त कलतात." आरोपीच्या पिंजऱ्यातून हिराजी ओरडला, "बाबा!" एवढंच. शिपायाने त्याला दाबलं. म्हाताऱ्याने वळून त्याला हाताने गप्प केलं. "गप रं. सायेब इचारतायत."

अण्णांनी पंचांग उघडलं. मी आणलेलं. "त्या दिवशी अवस होती. उधान होता. बरोबर?"

"व्हय."

"पाच घरची मानसा नव्हती. नवरा-बायको दोघाच?"

"व्हय."

"मंजे हिराजीनं रीत मोडली. पानी आत येनार हे ठाव असून खांड पाडली."

तो क्षणभर थांबला. खरंच थांबला. त्याच्या कपाळावर आठी आली, मुलाकडे बघावंसं वाटलं त्याला, मान थोडी वळलीही. मग त्याने अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली, अगदी थोडी, ओटीवर तालमीत हलवायचे तशी. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे आयुष्यभर ते नाकारत आले, पण मी पाहिलं आहे.

"व्हय, सायेब," चांगाबाबा म्हणाला.

मधूकाका फेरतपासणीला उठला. पार भेदरलेला. "चांगाबाबा, हिराजीने वाईट हेतूने, म्हणजे, मुद्दाम नुकसान करायला केलं का हे? तसं नाही ना म्हणायचं तुम्हाला?" चांगाबाबाने त्याच्याकडे सावधपणे पाहिलं. समोरचा काळा कोट घोटाळ्याचं काहीतरी विचारत होता. "म्हाईत नाय," तो म्हणाला. मधूकाकाने पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारलं. "म्हाईत नाय." तिसऱ्यांदा न विचारता मधूकाका खाली बसला. हिराजीने कठड्यावर डोकं टेकवलं होतं. साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरताना म्हाताऱ्याने अण्णांना हात जोडले आणि जाता जाता माझ्याकडे बघून मान डोलावली, कशी जमली म्हणून.

त्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसलो. वालाचं बिरडं होतं, मी ढवळत बसले. अण्णा नेहमीसारखे जेवत होते.

"तो म्हातारा तुम्हाला आपला वकील समजत होता," मी म्हटलं.

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक होतं? आणि तरी तुम्ही त्यांच्या भाषेत विचारलंत?"

"साक्षीदाराला समजेल अशा भाषेत विचारावं लागतं. आणि मी एक तरी प्रश्न खोटा विचारला का, सांग. अवस नव्हती? दोघंच नव्हते? पाणी येणार हे हिराजीला ठाऊक नव्हतं?"

"तुमची रोपं कुजत असती तर तुम्ही काय केलं असतंत?"

"माझी रोपं नाहीत," अण्णा म्हणाले. "भात वाढ गं."

आईने भात वाढला. मी ताटावरून उठले. मला वाटलं आई रागावेल, अन्नावरून उठू नये म्हणेल. तिने माझं ताट झाकून ठेवलं. अण्णांशी मी त्यानंतर कामापुरतंच बोलत आले, आणि वकील व्हायचं खूळ माझ्या डोक्यातून तिथेच, त्या बिरड्याच्या ताटावर गेलं. खरी गोष्ट अशी की अण्णा खोटं बोलले असते तर मी त्यांना कधीतरी माफ केलं असतं. वकील खोटं बोलतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण त्यांनी चांगाबाबाचं खरं बोलणं त्याच्याच मुलाच्या गळ्यात अडकवलं, आणि ते करायला जे काही लागतं, ती भाषा, तो भांग, तो विश्वास, ते सगळं त्यांना पेणच्या ओटीवर त्या माणसांनीच दिलं होतं. मागच्या महिन्यात माझा नातू पेढे घेऊन आला, सरकारी वकिलांच्या पॅनेलवर नाव लागलं म्हणून. पोरगा चांगला आहे. मी पेढा खाल्ला, तोंडभर आशीर्वाद दिला. त्याने विचारलं, पणजोबाही सरकारी वकील होते ना? मी होते म्हटलं.

हिराजीला सहा महिन्यांची शिक्षा झाली. रोपं गेली, वर्ष गेलं. बायको माहेरी निघून गेली ती पुढे परत आली म्हणतात, पण त्या सहा महिन्यांत म्हातारा एकटाच होता. गावातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की असल्या गुन्ह्याला वर्षानुवर्षं आत टाकतात. सहाच महिन्यांवर निभावलं यात काहीतरी आहे. झालं. चांगाबाबाने ते काहीतरी काय, हे आपल्या मनाशी ठरवून टाकलं.

हिराजी सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आमच्या रोह्याच्या घरी आले. अण्णा ओटीवर पेपर वाचत होते. चांगाबाबा पायऱ्यांवरूनच मोठ्याने म्हणाला, "सायेब, आणला बघा तुमच्या पायावर! तुमी व्हता म्हनून सा म्हयन्यात सुटला माजा पोर." अण्णांनी पेपर खाली घेतला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी तुमच्या पोराच्या विरुद्ध उभा होतो, हे त्यांनी म्हाताऱ्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी दारात उभी होते. मी ठरवलं, हे नाही सांगणार, तर मी सांगते. आता इथे, सगळ्यांसमोर, मोठ्याने. मी एक पाऊल पुढे टाकलं.

हिराजी पाय धुवायला बाजूच्या पिंपापाशी गेला होता. वाळून काडी झालेला, डोक्यावर करवंदीच्या काट्यांसारखे केस उगवलेले. त्याने तांब्या उचलला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. तो हळूच, फक्त मला ऐकू जाईल असा बोलला.

"ताई, काय बोलू नको."

"का? त्यांना कळायला नको का, हे कोण आहेत ते?"

"मना म्हाईत हाय कोन हायत ते. मी तिथंच उबा व्हतो." त्याने पायावर पाणी ओतलं. "पन बाबाला कलला, त त्याला हेबी कलंल का मना आत कुनी पाठवला. त्याच्या सोताच्या तोंडानं. मग म्हातारा जगंल का, तूच सांग."

मी काय सांगणार होते? मी दारात मागे सरले. हिराजीने तांब्या पालथा घातला, ओले हात सदऱ्याला पुसले आणि ओटीवर गेला. चांगाबाबा त्याला पाठीवर हात ठेवून पुढे ढकलत होता, पड पाया, पड, म्हणत होता. अण्णांनी हिराजीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि याला सगळं ठाऊक आहे हे त्यांना तिथल्या तिथे समजलं. हिराजी वाकला. अण्णांनी पाय मागे घेतले नाहीत.